रिपोर्टात न बसणारं

कोल्हापुरात फुटबॉलच्या एखाद्या रेफ्रीनं काही लिहिलं, की वाचणारा आधी विचारतो, “ह्यो कुठल्या पेठेतला?” काय लिहिलंय ते मग. मी त्याला नावं ठेवत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले, की त्या दुपारी गावात तटस्थ माणूस शोधून सापडत नाही. दुकानदार, रिक्षावाला, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बाजूचे. रेफ्री तरी कुठून येणार? तोही याच गावचा. त्याचं घर कुठल्यातरी पेठेत असतं, लहानपणी तोही कुठल्यातरी तालमीच्या दारात अनवाणी बॉल मारत वाढलेला असतो. गळ्यात शिट्टी अडकवली म्हणून रेशनकार्डावरचा पत्ता बदलत नाही.

मैदानात पळणं सोडल्यावर मी पंचगिरीबद्दल अधूनमधून लिहायला लागलो. एखाद्या स्पर्धेच्या स्मरणिकेत काही छापून येतं, काही नव्या रेफ्रींच्या वर्गात वाचून दाखवतो, बरंचसं वहीतच पडून राहतं. विषयांची चणचण कधीच नव्हती. डिसेंबर उजाडल्यापासून मे महिन्यापर्यंत या गावात रोज एखादा विषय शिट्टीसरशी जन्माला येतो. डोकेफोड होते ती वेगळीच. यातलं चारचौघांत मांडायचं काय, आणि पोटात ठेवायचं काय?

पोटात ठेवण्याची सवय रेफ्रीला पहिल्यापासून लावली जाते. फुटबॉलच्या नियमांच्या पुस्तकात १७ नियम आहेत. त्यातला पाचवा रेफ्रीचा. खेळाशी संबंधित घटनांवरचा त्याचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही हेही त्यातच आलं. पुढं हाच नियम सांगतो की सामन्यानंतर त्यानं रिपोर्ट द्यायचा: कुणावर कारवाई केली आणि सामन्याच्या आधी, चालू असताना किंवा नंतर आणखी काय घडलं. ही झाली अधिकृत लिखाणाची जागा. बाहेर अवाक्षर बोलायचं नाही, हे जुन्या लोकांनी आम्हाला वेगळं शिकवलं.

रिपोर्ट लिहिणं हे एक कसबच आहे. मैदानात खिशात छोटी वही आणि पेन्सिल असते. पेन्सिलच बरी, कारण घामानं शाई फुटते आणि ७ चा १ होतो. वहीत फक्त खुणा: जर्सीचा नंबर, मिनिट, कार्डाचं अक्षर आणि एखादा शब्द. ‘मागून’. ‘ओढला’. ‘बोलला’. खोलीत येऊन पायमोजे काढायच्या आधी त्या खुणांची वाक्यं करायची, कारण अंघोळ झाली की आठवण मवाळ होते. वाक्यंही कोरडी हवीत. ‘त्याने उद्धट वर्तन केले’ असं लिहिलं तर शिस्त समितीला कपाळ कळणार? नेमका काय म्हणाला ते लिहावं लागतं, शिवी असेल तर शिवी, जशीच्या तशी, व्याकरणासकट. आईवरून दिलेली शिवी सुवाच्य अक्षरात लिहून खाली सही करणं हा अनुभव ज्यानं घेतला नाही, त्याला पंचगिरीतला विनोद कळायचा नाही.

पण रिपोर्टात एक गोष्ट कधीच येत नाही. रेफ्री त्या क्षणी कुठं उभा होता, त्याला तिथून काय दिसत होतं आणि कुणाची पाठ मध्ये आली होती. समितीला त्याची गरज नसते. आणि बाहेरच्या माणसाला नेमकं तेच माहीत नसतं. माझं लिहिणं बहुतेक या एका फटीतून सुरू होतं.

रेफ्रीनं काहीच उघड करायचं नाही, ही समजूत तशी जुनीही नाही आणि खरीही नाही. १९६६ च्या वर्ल्ड कपची उपउपांत्य फेरी घ्या. वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना. जर्मन रेफ्री रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन रात्तीन याला बाहेर काढलं, आणि तो जाईना. रेफ्रीला स्पॅनिश येत नव्हतं, रात्तीनला जर्मन. सगळा खोळंबा. त्याच सामन्यात बॉबी आणि जॅक या चार्लटन भावांनाही ताकीद मिळाल्याचं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा जॅकनं फिफाकडे विचारणा केली, कारण मैदानात ते स्पष्ट झालंच नव्हतं! रेफ्री कमिटीचे केन अ‍ॅस्टन गाडीतून घरी निघाले असताना लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नलला थांबले. पिवळा, लाल. तिथून कार्डांची कल्पना निघाली आणि १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ती मैदानात आली. अ‍ॅस्टन स्वतः रेफ्री होते. १९६२ मध्ये चिली आणि इटलीचा तो मारामारीचा सामना त्यांनीच चालवला होता, त्यामुळं ही गरज त्यांना पुस्तकात वाचावी लागली नसावी.

हे मी नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. कार्ड हे शिक्षेपेक्षा जाहिरात जास्त आहे. ताकीद आधीही होती, हाकलणंही होतं. कार्डानं ते शेवटच्या पायरीवर शेंगा खात बसलेल्या माणसाला कळवलं. हात आडवा, हात वर, दोन्ही हात पुढं करून दिलेला अ‍ॅडव्हान्टेज (फाऊल झाला तरी खेळ चालू द्यायचा), हे सगळं रेफ्रीचं सांगणंच आहे. काय दिलं ते तो सांगतो. का दिलं ते मात्र सांगत नाही, आणि त्या ‘का’ची जागा गॅलरी आपल्या मनानं भरते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा पेठेच्या नावानं भरली जाते.

मागच्या एका हंगामात एक नवा पोरगा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. दिवसा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट, दुपारी सुट्टी काढून लाईनवर झेंडा. आदल्या दिवशी त्यानं एक गोल ऑफसाईड (पास सुटताना फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढं होता म्हणून बाद) दिला होता आणि रात्रभर ती क्लिप गावभर फिरली होती, लाल बाण काढून, खाली हसणारे चेहरे लावून.

“सर, बघा की जरा. माझा झेंडा बरोबर हुता का न्हाई?”

मी बघितली. गोलच्या मागच्या कोपऱ्यातून, तिरकी, झूम करून काढलेली. बॉल पायातून सुटतो तिथं नेमकं कुणाचं तरी डोकं आडवं येतं.

“तुम्ही लिहा सर. तुमचं लोक ऐकत्यात. लिहा की झेंडा बरोबर हुता.”

“मी कुठं बसलो होतो काल?”

“गॅलरीत. मधल्या लाईनीजवळ.”

“तिथनं शेवटून दुसऱ्या डिफेंडरची रेषा दिसती व्हय रं?”

तो गप्प.

“क्लिपमध्ये दिसती?”

“न्हाई.”

“मग मी काय लिहू?”

त्यानं मोबाईल खिशात घातला. जाताना म्हणाला, “मग लिहिता तरी कशाला सर?” आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. रात्रभर शिव्या त्यानं खाल्ल्या होत्या, मी नव्हे.

त्या आठवड्यात मी लिहिलं. त्या सामन्याचं नाव नाही, त्या गोलचं नाही. लिहिलं ते झेंडेवाल्याच्या कामाबद्दल. त्यानं शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या सरळ रेषेत राहायचं, बॉल त्याच्याही पुढं गेला तर बॉलच्या रेषेत. ऑफसाईड मोजायचं ते पास देणाऱ्याचा पाय बॉलला प्रथम लागतो त्या क्षणाला, बॉल पोचतो तेव्हा नाही. म्हणजे पास देणारा चाळीस मीटरवर डावीकडे, रेषा समोर, आणि डोळे दोनच. त्यात फॉरवर्ड गोलकडे सुटलेला, डिफेंडर उलट दिशेनं वर येणारा. दोघं सेकंदाला सात-सात मीटरनं पळत असतील, तर सेकंदाच्या दहाव्या भागात त्यांच्यातलं अंतर जवळजवळ दीड मीटरनं बदलतं. मान वळवायलाच तेवढा वेळ लागतो. रेषेपासून दोन पावलं मागं राहिलं की ऑनसाईड माणूस ऑफसाईड दिसतो किंवा उलटं, आणि गोलच्या मागून तिरकी क्लिप काढणारा तर त्या रेषेपासून कितीतरी लांब असतो. एवढंच. निकाल दिला नाही.

वाचणाऱ्यांना सामना कुठला ते अर्थातच कळलं. एका ओळखीच्या आण्णांनी मला गंगावेशीत गाठून सांगितलं, “लिवलंय झकास, पण घाबरून लिवलंयस.” दुसऱ्या बाजूचा एकजण म्हणाला, झेंडेवाल्याला वाचवायला लिहिलंय. दोन्ही बाजू सारख्याच नाराज असल्या की रेफ्रीला जरा बरं वाटतं, पण हा फार जुना आणि फार सोयीचा समज आहे. दोन्ही बाजू नाराज असतात ते कधीकधी काम खरंच वाईट झालेलं असतं म्हणून.

कुस्तीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान असं बांधून घेतलं, की मध्ये हौदा आणि चारी अंगांनी चढत गेलेली बैठक. १९१२ मध्ये ते खुलं झालं. अगदी वरच्या माणसालाही हौद्यातली झटापट दिसते. त्यामुळं खासबागेत हजारो पंच असतात. पाठ टेकतेय असं वाटलं की “लागली, लागली!” असा गजर एका अंगानं उठतो आणि समोरच्या अंगानं “न्हाई, न्हाई!” मातीत गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून खांद्याखाली बघणारा फेटेवाला पंच मात्र एकटा असतो. तो जिथून बघतो तिथून हजारांतला एकही बघत नसतो. पण त्याची मान वाकडी असताना दुसरा खांदा त्यालाही दिसत नाही, हेही खरं. मॅटवर म्हणून तर तीन माणसं ठेवली: रेफ्री, जज आणि मॅट चेअरमन. रेफ्रीला चीत वाटली तरी उरलेल्या दोघांपैकी एकाचा दुजोरा लागतो.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या किताबी लढतीआधी गंगावेश तालमीचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी ४ गुण दिले आणि सिकंदर हरला. पुढचे कितीतरी दिवस कोल्हापुरात चहाच्या प्रत्येक टपरीवर त्या टांगेची उजळणी चालली होती. काही जण तर रस्त्यावर एकमेकांना धरून दाखवायचे. प्रश्न तसा बारीक होता: उभ्यानं टाकलेला पैलवान धोक्याच्या स्थितीत पडला का? पाठीची रेषा मॅटशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करत असेल तर ती धोक्याची स्थिती. तसा पडला तर चार, नाही तर दोन. म्हणजे सगळा वाद एका कोनाचा. तो समजावून सांगणारं फार थोडं ऐकायला मिळालं. ऐकायला मिळालं ते सिकंदरवर अन्याय झाला की नाही एवढंच. पुढं त्या कुस्तीच्या पंचांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला, गावानं मिरवणूक काढली, आणि टांगेचा कोन सगळे विसरले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर निकाल मान्य नसलेल्या पैलवानानं पंचाला लाथच मारली. दोन्ही खांदे टेकले नव्हते असं त्याचं म्हणणं. स्पर्धेतल्या दोन पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली. त्यावर लिहावं असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. लाथ चुकीची हे लिहायला माझी गरज नव्हती. खांदे टेकले होते का, हे लिहायला मी जागेवर नव्हतो. मग मी मॅटवरच्या चॅलेंजबद्दल लिहिलं: पैलवानाच्या कोचला निर्णयावर आक्षेप घेऊन व्हिडिओ बघायला लावायची सोय आंतरराष्ट्रीय कुस्तीत कशी असते, आक्षेप फेटाळला गेला तर समोरच्याला एक गुण कसा मिळतो. ती सोय जिथं चोख असते तिथं रागाला जायला एक वाट असते. वाट नसली की तो पायात उतरतो.

नियम लोकांना माहीत असणं ही काही पुस्तकी हौस नाही. हेलसिंकीला १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं. त्यांना दोन कुस्त्यांमध्ये हक्काची विश्रांती मिळाली नाही आणि तिथं नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा कुणी अधिकारी हजर नव्हता, ही गोष्ट आपल्याकडे आजही सांगतात. राजाराम कॉलेजचा हा पैलवान गावाच्या अभिमानाचा विषय आहे, पण त्या गोष्टीतला नियमाचा भाग सांगताना आपण घाईनं पुढं सरकतो.

म्हणून नियमांबद्दल मी बिनधास्त लिहितो. शाहू स्टेडियमवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी कायदेशीर मागणी म्हणजे, “लास्ट मॅन हाय, रेड दे!” नियमात लास्ट मॅन, म्हणजे गोलकीपरच्या आधीचा शेवटचा डिफेंडर, हा शब्दच नाही. नियम म्हणतो, गोलची उघड संधी हिरावली का ते बघा, आणि त्यासाठी चार गोष्टी तपासा: गोलपासून अंतर, खेळ कुठल्या दिशेनं चाललाय, बॉल फॉरवर्डच्या ताब्यात राहिला असता का, आणि बचाव करणारे किती आणि कुठं आहेत. त्यातही २०१६ पासून पेनल्टी दिली आणि डिफेंडर खरोखर बॉलसाठीच गेला होता, तर लालच्या जागी पिवळं. गॅलरीला वाटतं रेफ्री कचरला. खरं तर त्यानं पुस्तक पाळलेलं असतं. हे लिहिल्यानं एकाही पेठेचं काही बिघडत नाही आणि पुढच्या सामन्यात एखादा तरी ओरडायच्या आधी डिफेंडर मोजतो. तेवढं मला पुरतं.

पण ‘लिहिण्यासारखं तेवढं लिहितो आणि बाकी झाकतो’ ही वाट घसरडी आहे, याची मला जाणीव आहे. झाकण्याची सवय लागली की वाईट कामही झाकलं जातं. त्याचं उलट उदाहरण इंग्लंडमधलं. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. स्कोअर ०-०. लिव्हरपूलच्या लुइस दियाझनं गोल केला, लाईनवरचा झेंडा वर गेला. व्हिडिओ खोलीतल्यांनी रेषा आखल्या, गोल बरोबर निघाला. पण मैदानात गोल दिलाच आहे अशी त्यांची समजूत होती. “चेक कम्प्लीट,” म्हणून ते मोकळे झाले. मैदानातल्या रेफ्रीनं त्याचा अर्थ ऑफसाईड कायम असा घेतला आणि फ्री किक देऊन खेळ सुरू केला. काही सेकंदांत खोलीत गोंधळ कळला. खेळ थांबवा, असं एक आवाज सांगत होता. पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागचा निर्णय फिरवता येत नाही, हा नियम. सामना टॉटनहॅमनं २-१ नं जिंकला.

काही दिवसांतच तिथल्या पंच संस्थेनं त्या खोलीतलं पूर्ण संभाषण लोकांसाठी खुलं केलं. मी ते कितीतरी वेळा ऐकलं आहे. त्यात लबाडी नाही. घाई आहे, एकमेकांचं अर्धंच ऐकणं आहे आणि मग घशाला पडलेली कोरड आहे. लिव्हरपूलवाले चिडले ते चिडलेच. पण माझ्या मते एक झालं: वाद ‘विकले गेले’वरून ‘बोलताना काय ठरलेले शब्द वापरायचे’ इथपर्यंत आला. पहिल्या आरोपावर कुणी काही करू शकत नाही. दुसऱ्यावर सोमवारी सकाळी कामाला लागता येतं. त्याच वर्षीच्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफ्री व्हिडिओ बघून आल्या की माईकवरून सगळ्या स्टेडियमला निर्णय सांगत. कोल्हापुरात माईक आहे तो निवेदकाकडे, आणि व्हिडिओ गॅलरीतल्या प्रत्येकाकडे. फक्त रेफ्रीकडे दोन्ही नाही.

तेव्हा मी स्वतःपुरतं काही ठरवलं, पण ते वेळोवेळी वाकतं. शिस्त समितीपुढं प्रकरण चालू असेल तर त्यावर एक ओळ नाही. जगाच्या मोठ्या रेफ्रींची नावं लिहितो, त्यांना त्याचा पगार मिळतो. गावातल्या पोराचं नाव लिहीत नाही, चांगलं लिहायचं असलं तरी. आज कौतुकानं छापलेलं नाव पुढच्या महिन्यात फ्लेक्सवर उलट्या अर्थानं लागतं. मानधनाबद्दल लिहितो. त्यात गाडीचं पेट्रोल आणि बुटांचे स्पाईक सुटत नाहीत हे सगळ्यांना कळायला हवं.

शिव्यांबद्दल लिहायचं का, यावर मी बराच काळ अडलो होतो. जुने लोक म्हणायचे, नको, त्यानं नवी पोरं पळून जातील. मला उलट दिसलं. नवं पोरगं पळून जातं ते शिव्या आपल्यालाच पडतात असं वाटून. माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या सामन्यानंतर पुढच्या रविवारी आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, “सर, मला जमत न्हाई वाटतंय.” काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही, गॅलरीत काय ओरडलं जातं ते मला पाठ आहे. मी फक्त म्हणालो, जे तुला बोलले तेच मला बोलत होते, लिंग बदलून. ती हसली. परत आली. तेव्हापासून मी लिहितो की हे होतं, कधी होतं, त्या वेळी काय करायचं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं दाखवायचं की लगेच थांबवायचं, खेळाडू बोलला तर काय, कोच बोलला तर काय. कोचलाही आता कार्ड दाखवता येतं, २०१९ पासून, हे बऱ्याच कोचनाही ठाऊक नसतं. शिवी मात्र लिहीत नाही. ती रिपोर्टातच शोभते.

सगळ्यात अवघड आहे पक्षपात. समजा एखादा रेफ्री खरंच एका बाजूला झुकतो आणि ते मला हंगामभर दिसतंय. पुरावा काय? एकेक निर्णय सुटा घेतला तर प्रत्येकाची बाजू मांडता येते. नाव घेऊन लिहिलं तर त्याच्या घरावर दगड पडतील, आणि माझं चुकीचं असेल तर ते दगड मी उचलून देणार. संघटनेला पत्र लिहावं, मी लिहिलेलीही आहेत. उत्तर येतं, कधी येत नाही. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे सामील होणं का? रात्री झोप न येण्याइतपत हा प्रश्न मला छळतो, आणि सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

मी एवढंच करतो की माणूस सोडून नेमणुकीबद्दल लिहितो. क्रिकेटनं हा काटा असाच काढला. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्या कसोटीत दोन भारतीय अम्पायर उभे होते, व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. घरचे अम्पायर घरच्या बाजूनं देतात हा आरोप सगळ्या देशांत होता. इम्रान खाननं तो खोडत बसण्याऐवजी अम्पायरच बाहेरून आणावेत असा आग्रह धरला. म्हणजे भारतीय माणूस लाहोरमध्ये तटस्थ! विचार केला तर मौजच आहे. पण झालं काय, निकालावर बोलताना अम्पायरचा पासपोर्ट काढणं बंद झालं. आपल्याकडे पेठेच्या सामन्याला त्या पेठेतला किंवा समोरच्या पेठेतला रेफ्री नको, मोठ्या सामन्याला सांगली, सातारा, पुण्याहून बोलवा, आणि नेमणूक कशी झाली ते आधी जाहीर करा, हे लिहायला कुणाचं नाव लागत नाही. यावर मला ‘गावच्या रेफ्रीवर विश्वास नाही का’ असं विचारणारे भेटतात. आहे. म्हणूनच त्याला आपल्या गल्लीतून तोंड लपवत घरी जावं लागू नये असं वाटतं.

सध्या टेबलावर जे लिखाण आहे ते साधं आहे. २०२५-२६ च्या नियमांत गोलकीपरनं बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. आधी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, जी सहसा कुणी देतच नसे. आता शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. गॅलरीला काही माहीत नसेल तर तिला वाटेल हा कुणाला तरी खुणावतोय, आणि पाच बोटांचा अर्थ कोल्हापुरात कुणी काय काढेल सांगता येत नाही. शिवाय ‘रेफ्रीशी फक्त कॅप्टनच बोलेल’ ही सूचनाही त्याच नियमांसोबत आली आहे. अकराच्या अकरा जणांनी रेफ्रीला घेरायची आपली परंपरा बघता ते स्वतंत्र प्रकरण होईल. लाईनवरच्या त्या एमआयडीसीवाल्या पोराला कच्चं लिखाण वाचायला दिलंय. त्यानं समासात लिहून पाठवलं, “सर, बोटं खाली करत मोजायची का वर करत, ते लिहा. आमच्यात दोघंजण उलटं मोजत्यात.”

ते घालायचं राहिलंय.